जोएलचा उजवा हात

जोएल उजव्या हाताने जेवायला लागला आणि आमच्या घरात सगळे खूश झाले. मी सोडून.

जोएल म्हणजे माझ्या नातीचा, धम्मदीनाचा होणारा नवरा. इंग्लंडचा. तिथे उमेदीची वर्षं रग्बी खेळला, स्क्रमच्या अगदी पुढच्या फळीत, जिथे दोन्हीकडचे धटिंगण माना खाली घालून एकमेकांना रेटतात. आता तिशी उलटल्यावर इथे न्यूझीलंडला, ख्राइस्टचर्चच्या एका क्लबात होता. शनिवारी मोठ्या संघाचे प्रशिक्षक त्याला बघायला येणार होते. निवडला गेला तर अजून एक मोसम, नाहीतर खेळ संपला.

तो डावखुरा. वर्षभर मी सांगत होते, "बाळा, उजव्या हाताने." तो नुसता हसायचा. आणि या रविवारी न सांगता उजव्या हाताने भात कालवत होता. निम्मा ताटाबाहेर.

"बघ आई, पोरगा आपल्यातला झाला," माझा मुलगा भानुदास म्हणाला.

"वर्षभरात झाला नाही, तो आठवड्यात कसा झाला?"

"तुला कुणी चांगलं वागलं तरी संशय!"

संशय होताच. हाक मारली की जोएल मान वळवत नव्हता, अख्खा वळत होता. मोरेश्वर, माझा भाऊ, असाच वळायचा. नागपूरला, इंदोऱ्यात, त्याची कबड्डी बघायला लोक भिंतींवर चढून बसायचे. काय दिवस होते ते! एकदा मानेवर आपटला. कुणाला बोलला नाही, पुढचा सामना खेळला. त्यानंतर आई त्याला भरवायची.

सुनेने, लताने, उकळतं वरण वाटीत वाढलं. उजवा हात खरकटा, म्हणून जोएलने स्टीलची वाटी डाव्या हाताने उचलली आणि भानुदासशी बोलत तशीच धरून बसला. मी पदराने ती ओढून घेतली. त्याची बोटं लाल झाली होती. त्याला पत्ताच नव्हता.

हात धुवायला तो आत आला, तसं मी गाठलं.

"हाताला कळत नाही ना? मानेला लागलंय?"

"स्वीट ॲज, आजी. एकदम मस्त आहे."

"खोटं बोलू नकोस."

त्याने दाराकडे पाहिलं. "प्लीज, आजी. शनिवारनंतर सांगतो तिला. मला दुसरं काही येत नाही."

हे मात्र खरं होतं. त्याचे डोळे भरले होते.

मग मी हाक मारली, "धम्मे, इकडे ये!"

"व्हॉट नाऊ, आजी?" ती हसतच आली.

"याच्या डाव्या हातात तुझा हात दे. दाबायला सांग."

तिने हात दिला. जोएल त्या हाताकडे बघत राहिला. बोटं जेमतेम वाकली, दाब आलाच नाही. धम्मदीनाचं हसू गेलं. तिने गाडीची किल्ली घेतली आणि त्याला हॉस्पिटलला घेऊन गेली. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आई, त्याचा खेळ संपवलास तू," भानुदास म्हणाला.

"हो," मी म्हटलं.