डेलियांचा लाल

"ही माझ्या बागेतली डेलियाची फुलं आहेत की फ्लॉवरचे गड्डे?" एडना कॉर्कमने भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं. गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये चहा घेत उभी असलेली माणसं हसली.

चित्राखालचं कार्ड: चित्र तिसरे. जलरंग. मालक: एडना कॉर्कम. कुठे लावले होते: बैठकीत, खिडकीसमोर.

वेंडलही हसला. पन्नास वर्षं त्याने नोव्हा स्कोशियाच्या या किनाऱ्यावर लोकांच्या बागा राखल्या आणि राखलेल्या बागांची चित्रं काढली. आता तो ऐंशीचा झाला म्हणून गावाने ती घराघरांतून आणून एका दिवसापुरती टांगली होती. चित्रांतला समुद्र अजून निळा होता, गवत हिरवं होतं. फुलं तेवढी मेलेली.

त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं. डेलियाला जुळणारा एकच किरमिजी त्याच्यापाशी होता, आणि तो उन्हाने उडतो हे फार उशिरा कळलं. कपाटात ठेवलेलं चित्र मात्र जसंच्या तसं राहतं.

"आधी सांगायचंस की. मी नुसतं कपाटच बघत बसले असते," एडना म्हणाली.

वेंडलला राग नव्हता. पांढरं पडलेलं चित्र म्हणजे रोज पाहिलेलं चित्र. लेकीचं तर सगळ्यांत पांढरं असणार, असं त्याने एडनाला सकाळीच सांगून ठेवलं होतं. मार्नाला लग्नात दिलेलं. कॅलगरीला, तिच्या जेवणघरात, भर उन्हात. बावीस वर्षं ती फोनवर तेच सांगत आली होती. तो स्वतः तिथे कधी गेला नव्हता. बोलावणं यायचं राहून गेलं होतं.

साडेतीनला विमानतळावरून मार्ना थेट हॉलवर आली. तिने चित्रावरचा कागद काढला.

लाल. हात लावला तर बोटाला लागेल असं लाल.

चित्र एकोणिसावे. मालक: मार्ना. कुठे लावले होते:

तिने कार्डावर लिहिलं, जेवणघरात, खिडकीसमोर. "बघा, किती जपलंय," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. एडनाने कप बशीत ठेवला.

"काय झालं?" मार्नाने विचारलं.

वेंडलने तिच्या हातातलं कार्ड घेतलं आणि चित्राखाली टाचलं. "हिच्यासाठी मी वेगळा रंग आणला होता," तो सगळ्यांना म्हणाला. "इंग्लंडहून मागवून. तो उडत नाही." असला रंग त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"मग आम्हाला?" एडनाने विचारलं.

"तुम्हाला साधा."

"उडणार हे माहीत असून?"

"माहीत असून."

मार्ना आपल्या चित्राकडे नव्याने बघत होती. "हे मला कधी सांगितलं नाहीत, बाबा," ती म्हणाली. खूश झाली होती.

एडनाने आपलं चित्र खिळ्यावरून काढलं. मग झ्विकर नवरा-बायकोने त्यांचं. मग एकेक जण पुढे झाला. चौकटी जड होत्या, सगळ्यांचे हात अडकलेले. वेंडल दारापाशी गेला आणि शेवटचं माणूस बाहेर पडेपर्यंत दार धरून उभा राहिला.