बक्कल नंबर चारशे बारा

चांदभाई शिंप्याला माणसांची नावं लक्षात राहत नसत, नंबर मात्र पाठ असत. शिरूरच्या पोलीस लाइनीतल्या अकरा शिपायांचे खाकी सदरे तो शिवायचा आणि कापड बेतलं की आतल्या बाजूला खडूनं त्या त्या शिपायाचा बक्कल नंबर टाकायचा. मग कोण पोपटराव आणि कोण आणखी कुणी, हे त्याला माहीत असायची गरजच नव्हती. दोनशे अडुसष्टचं पोट सुटलंय, तीनशे पाचचा डावा खांदा उतरता आहे, एवढं पुरे. सरकारनं माणसाला नंबर दिला म्हणजे तो विचार करूनच दिला असणार, अशी त्याची भाबडी समजूत होती. चार वर्षांत त्या अकरातला एकही जागचा हलला नव्हता, त्यामुळे त्या समजुतीला धक्का लागायचं कारणही पडलं नाही.

त्याच्या धाकट्या मुलीला, नजमुन्निसाला, दौंडहून स्थळ आलं. आणलं होतं चांदभाईच्याच बहिणीनं, सरदारबीनं. मुलगा इमाम, पोलीस शिपाई, दौंडकडेच एका चौकीत नोकरीला. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, असं सरदारबीनं कुणाकडून तरी पत्रात लिहवून घेतलं होतं. शेवटी एक ओळ होती: "भाई, तुला नाव सांगून उपयोग नाही, म्हणून नंबर विचारून घेतला. चारशे बारा."

चांदभाई दोन दिवस खुशीत होता. तिसऱ्या दिवशी धुरपदा न्हावरे गावाहून आली. ती गोधडीच्या खोळी शिवून घ्यायची आणि खोळीपेक्षा बातम्याच जास्त आणायची. चांदभाईनं कौतुकानं होणाऱ्या जावयाचा नंबर सांगितला, तसा पैसे काढायला गेलेला तिचा हात कनवटीलाच थांबला.

"चारशे बारा? ऐकल्यावानी वाटतंय," ती म्हणाली. "आमच्या भावकीतल्या एका गड्याला चौकीत घालून लई मारला व्हता. मागनं त्यो गाव सोडून गेला. त्या शिपायाला हितल्या कोर्टात शिक्षा झाली. सायबानं निकाल वाचला तवा मी दाराशी उभी व्हते. नंबर तेवढा कानावर पडला."

"दिसाया कसा व्हता?"

"पाठ दिसली. टोपी काढून उभा व्हता."

"कवाची गोष्ट?"

"तीन वर्सं झाली असतील. का पाच. आमचा बैल मेला त्या साली."

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि चांदभाईचं तर घरच पोळलं होतं. थोरली बिबीजान नगरला दिली होती. जावई वखारीत मुनीम, पाच वेळा नमाज पढणारा, आवाज कधी चढला नाही. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर ती कायमची परत आली, ती डाव्या हाताची तीन बोटं वाकडी घेऊनच. पूर्वी तिच्यासारखी काजं शिरूरात कुणी करत नव्हतं. आता ती बापाच्या मशीनशेजारी बसून कापड धरायची, तेही उजव्या हातानं. आणखी एक मुलगी मारणाऱ्याच्या घरात द्यायची नाही, एवढं एकच चांदभाईनं ठरवलं होतं. त्यासाठी काय वाटेल ते करायची त्याची तयारी होती.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. चांदभाई आधी पोलिसाची पायरी चढला. आनंदराव जमादार त्याच्या ओळखीतले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिशीवरून हात फिरवला.

"कुणाच्या सर्व्हिस शिटात काय हाय ते वरल्या सायबालाच दिसतंय, चांदभाई. मला माझंबी दिसत न्हाई. शिक्षा झाली म्हणून नोकरी जातीच असंबी न्हाई. आन् शिक्षा आमी देत न्हाई, कोर्ट देतंय. तिथं इचारा."

कोर्टाच्या कचेरीत हौशीराम नावाचा एक वयस्क कारकून होता. माणूस वाईट नव्हता, पण खुर्चीत बसल्यावर वाईट नसून चालतंय थोडंच.

"खटल्यात तुमी कोण?" हौशीरामनं विचारलं.

"कुणीच न्हाई."

"मंग निकालाची नक्कल तुमाला कशी मिळंल? बरं, खटल्याचा नंबर काय?"

"चारशे बारा."

"त्यो पोलिसाचा झाला. मला खटल्याचा पायजे."

"त्यो कुठं मिळंल?"

"निकालाच्या नकलेवर असतोय."

आपलंच काहीतरी चुकतंय असं चांदभाईला वाटायला लागलं. कात्रीच्या कामात असं कधी होत नसे. मग त्यानं विचारलं, "निकाल तर दार उघडं ठिवून वाचला ना सायबानं? धुरपदानंबी ऐकला. मंग आता त्यो गुपित कसा?"

"वाचला तवा गुपित नव्हता," हौशीराम म्हणाला. "आता दप्तरात गेला."

चांदभाई घरी आला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेला, आणि तिसऱ्यातही. तिसऱ्या खेपेला त्यानं बिबीजानच्या बोटांची गोष्ट सांगितली. हौशीरामला स्वतःच्या चार मुली होत्या. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मी काई बोलणार न्हाई. तुमाला काय इचारायचं ते एकदाच इचारा. मी बघून येतो, आन् खरं असंल तर मान हलवीन. बस."

"चारशे बारा नंबरला मारहाणीत शिक्षा झाली का?" चांदभाईनं विचारलं.

हौशीराम आत गेला तो तासाभरानं धूळ झटकत बाहेर आला. चांदभाईकडं न बघताच त्यानं मान हलवली. होकाराची.

त्याच दिवशी चांदभाईनं दौंडला पत्र टाकलं की हे लग्न होणार नाही. घरी नजमुन्निसानं कारण विचारलं नाही. तिनं दौंडच्या उरुसात इमामला एकदा पाहिलं होतं आणि तो तिला आवडला होता. त्या दिवशी तिनं भाकरी जरा जास्तच थापल्या आणि स्वतः एकही खाल्ली नाही. चांदभाईला वाईट वाटलं, पण आपण पोरीला वाचवलं असं समाधानही वाटलं, आणि त्या समाधानावर त्यानं महिनाभर काढला.

मग एके सकाळी आनंदराव जमादार एका नव्या शिपायाला घेऊन दुकानात आले. पोरगा काडीसारखा, नुकताच भरती झालेला. चांदभाईनं मापं घेतली आणि खडू उचलला.

"टाका, दोनशे अडुसष्ट," आनंदराव म्हणाले.

"दोनशे अडुसष्ट तर त्या पोट सुटलेल्यांचा हाय."

"पोपटरावांचा? त्यांला पेन्शन झाली की. गेल्या म्हईन्यातच."

"आन् नंबर?"

"नंबराला कुठली आलीया पेन्शन? रिकामा झाला की नव्याला मिळतोय. एवढी वर्सं कापडं शिवताय, तुमाला ठाव न्हाई?"

चांदभाई खडू हातात धरून तसाच उभा राहिला. चारशे बाराला शिक्षा झाली हे खरं. इमामचा नंबर चारशे बारा, हेही खरं. पण शिक्षा झाली तेव्हाचा चारशे बारा कोण? दुसरा कुणीही बाप असता तर त्यानं हौशीरामला नाव विचारलं असतं. सगळ्या शिरूरात नंबर विचारणारा हा एकच शहाणा निघाला होता. आता तो स्वतःवर चिडला, आणि चिडूनही त्याला हे कळेना की आपण चुकलो की नाही. कदाचित तो इमामच असेल. कदाचित नसेलही. एका निर्दोष पोराला आपण बट्टा लावला असेल, नाहीतर आता मागं फिरलो तर एका मारकुट्यालाच घरात घेऊन बसू. इकडं आड आणि तिकडं विहीर, अन् दोन्हीत पाणी किती हे सांगणारं कुणी नाही.

तो धावत कोर्टात गेला. हौशीरामची बदली झाली होती. त्याच्या खुर्चीवरच्या तरुण कारकुनानं नियमाप्रमाणं अर्ज करायला सांगितला. चांदभाईनं पैसे देऊन अर्ज लिहून घेतला, कोर्टाचं तिकीट लावलं, कारणात 'मुलीचे लग्न' असं घातलं. पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. अर्जदार खटल्यात पक्षकार नाही, दिलेलं कारण पुरेसं नाही.

"ज्याला शिक्षा झालीच न्हाई, त्याचा काई कागद मिळतोय का?" चांदभाईनं विचारलं. "एवढं तरी लिहून द्या की या माणसावर कायबी न्हाई."

"न झालेल्याचं दप्तर कुठं ठेवायचं, चाचा?" तो कारकून म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. त्यालाही खरंच प्रश्न पडला होता.

तेव्हा कुठं चांदभाईला सुचलं की एका माणसाला आपण अजून विचारलंच नाही. तो दौंडला जायला निघाला. बिबीजान म्हणाली, "मीबी येते." परत आल्यापासून ती शिरूरबाहेर पडली नव्हती, म्हणून त्याला नवल वाटलं, पण त्यानं नाही म्हटलं नाही. दौंडची सरळ गाडी सकाळी नव्हती, म्हणून एसटीनं नगर आणि तिथून आगगाडीनं दौंड, असे दोघं दुपारपर्यंत सरदारबीच्या घरी पोचले. सरदारबी भावावर रागावलेली होती, तरी तिनं इमामला बोलावणं धाडलं.

इमाम ड्युटीवरून सरळ आला. उंच, सावळा, बोलायला सावकाश. बिबीजान आतल्या दाराच्या पडद्याआड बसली. चांदभाईनं चहासुद्धा होऊ दिला नाही.

"हा नंबर तुमच्याकडं कवापासनं हाय?"

"भरती झाल्यापासनं. तीन वर्सं व्हतील," इमाम म्हणाला. "माझ्या आधी ज्याचा व्हता त्याला शिक्षा झाली आन् नोकरी गेली. त्याचा पट्टाबी मलाच मिळाला. दोन भोकं जादा पाडून घ्याय लागली."

चांदभाईच्या छातीवरचा दगड उतरला. त्यानं सगळी हकिगत सांगितली, हात जोडले, माफी मागितली. इमामनं त्याचे हात खाली केले. मग त्यानं मान खाली घातली.

"चाचा, तुमी एवढं हिंडलात म्हणून सांगतो. मी कुणाला मारलंच न्हाई असं समजू नगा. गेल्या पावसाळ्यात एका चोरट्याला आणला व्हता. वरला म्हनला, हान. मी हानला. त्याचा कुठं कागद न्हाई."

"मंग?"

"मंग काई न्हाई. तुमी कुठंबी इचारलं असतं तरी घावलं नसतं. म्हणून मीच सांगितलं."

"आन् घरात?" चांदभाईनं विचारलं. "घरात हात उचलशीला का?"

"घर कुठं हाय अजून मला?" इमाम म्हणाला. "न्हाई उचलणार म्हनतो. पर आता म्हनलेलं तुमी कशावरनं धरणार?"

चांदभाई इतका गोंधळला की एव्हाना पुढ्यात आलेला चहाचा कप त्यानं तसाच बशीसकट तोंडाला लावला. कागदावर डाग असलेला माणूस हा नव्हे. कागदावर डाग नसलेल्या या माणसानं आपल्या तोंडानं डाग कबूल केला. हे सांगतो म्हणजे तो भला म्हणायचा, की सांगितलं तेच खरं मानून उठायचं? सरदारबीला तो एवढंच म्हणाला, की पत्रानं कळवतो.

परतीच्या गाडीला अवकाश होता. दौंडच्या फलाटावर बापलेक बाकावर बसले. चांदभाईनं विचारलं, "तू पडद्याआडून बघितलंस त्याला. तुला काय वाटलं?"

"मला वाटलं व्हतं, बघितल्यावर कळंल," बिबीजान म्हणाली. "त्याच्यासाठीच आले. न्हाई कळत, अब्बा. माझा मालकबी पयल्या दिवशी असाच मान खाली घालून बसला व्हता. आन् त्यानं तर तवर मुंगीबी मारली नव्हती."

"मंग आता कुणाला इचारू मी?"

बिबीजान त्याच्याकडं वळली. "किती जणांला इचारलंत तुमी या तीन म्हईन्यात?"

"लई झालं. जमादार, कारकून, धुरपदा."

"मी लगीन झाल्यावर पाचव्या म्हईन्यात आले व्हते," ती म्हणाली. "बोटं तवा धड व्हती माझी. पाठीवर वळ व्हते. तुमी चार दिस ठिवून घेतलं, जावयासाठी खव्याच्या पोळ्या करायला लावल्या आन् सोता मला नगरच्या यस्टीत बसवून दिलं. का आलीस, एवढं न्हाई इचारलं तुमी."

चांदभाईला पोळ्या आठवल्या. डबा मांडीवर घेऊन एसटीच्या खिडकीशी बसलेली पोर आठवली. तेव्हा त्याला वाटलं होतं की लेकीला माहेरची ओढ आहे, होईल सवय. काहीतरी बरं नाही हे त्याला त्याच वेळी दिसलं होतं, आणि विचारलं तर उत्तर मिळेल म्हणूनच तो विचारायला धजला नव्हता. फलाटावरची माणसं उठू लागली तरी तो बसूनच राहिला. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

"नजमूला हितं द्या, न्हाईतर दुसरीकडं द्या," बिबीजान म्हणाली. "पर ती आली, तर इचारा तिला."

गाडी आली. दौंडला काय कळवायचं ते चांदभाईला अजूनही कळलं नव्हतं. त्यानं बिबीजानला खिडकीशी जागा धरून दिली, स्वतः समोर बसला आणि तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"काय झालं व्हतं, सांग," तो म्हणाला.

गाडी नगरला पोचेपर्यंत बिबीजान सांगत होती.