सतरा नंबरचा ठिपका

“मावशी, कुणाला सांगू नका, पण हा सतरा नंबर म्हणजे तुम्ही!”

कॉलेजच्या मुलीने खिडकीच्या फळीवर कागद पसरला. बटणताईने चष्मा नाकावर चढवला. कागदावर नुसते ठिपके आणि रेघा. महिनाभर ही मुलगी कपड्यांच्या कारखान्यात फिरून प्रत्येकाला तीन प्रश्न विचारत होती. काम अडलं तर कुणाला विचारता? डबा कुणाबरोबर खाता? आणि संकट आलं तर पहिल्यांदा कुणाकडे जाता? माणूस म्हणजे ठिपका. ज्याचं नाव सांगितलं त्याच्याकडे एक रेघ. जितक्या रेघा जास्त, तितका ठिपका मोठा. सतरा नंबरचा ठिपका कोटाच्या बटणाएवढा होता.

“इतकी काही जाडी नाही गं मी,” बटणताई म्हणाली. आतून मात्र तिला गुदगुल्या झाल्या.

जिन्याच्या मधल्या वळणावर तिची स्टोअरची खिडकी होती. बावीस वर्षं. बटणं, चेन, दोरे, सुया तिच्याकडे. वर शिलाईत सुई मोडली की, कपड्यात तुकडा राहू नये म्हणून, मोडकीचे सगळे तुकडे तिच्यापुढे जुळवून दाखवायचे, मगच नवी मिळायची. तुकडे जुळवता जुळवता बाया सासू, नवरा, पोरांच्या परीक्षा सगळं बोलत. खालचे कटिंगवाले खडूला आणि पात्यांना येत, तेही बोलत. एकमेकांशी मात्र वरचे आणि खालचे बोलत नसत.

“हा बघा वरच्यांचा पुंजका, हा खालच्यांचा,” मुलगी रंगात आली होती. “आणि दोघांना जोडणाऱ्या फक्त तुम्ही. आम्ही याला पूल म्हणतो. तुम्हाला पुसलं ना, की नकाशाचे सरळ दोन तुकडे!”

“हा कागद साहेबांकडेही गेलाय?”

“हो, परवानगी त्यांचीच ना. पण नावं नाहीत हं. नुसते नंबर. मी सगळ्यांना शब्द दिला होता.”

शब्द दिला होता म्हणे! कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? आणि साहेबांना नेमकं तेव्हाच उजाडायला हवं होतं. मागच्या जिन्याचं दार कामाच्या वेळात कुलूपबंद असे, माल चोरीला जातो म्हणून. महिन्यापूर्वी इस्त्रीच्या टेबलावर धूर झाला. पुढच्या जिन्याच्या तोंडाशीच ते टेबल, तेव्हा साठ बाया मागच्या दाराकडे पळाल्या आणि बंद दारावर आपटल्या. धूर आपोआप विरला, म्हणून त्या वाचल्या. कुलूप काढा असा वरच्यांनी अर्ज दिला, तर साहेब म्हणाले, खालच्यांना कुलूप हवंय. खालच्यांनी दिला, तर म्हणाले, वरच्यांची तक्रार नाही. दोन्ही अर्ज टोपलीत. म्हणून बटणताईने आता दोन्ही मजल्यांचा एकच अर्ज लिहायला घेतला होता, आणि त्याची कुणकुण साहेबांपर्यंत गेली होती.

आठव्या दिवशी शिपायाने तिच्या हातात बढतीचं पत्र ठेवलं. उद्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोदामात.

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

“अभिनंदन, बाई! गोदामाच्या प्रमुख झालात.”

“गोदामात आणखी कोण आहे?”

“सध्या एक वॉचमन आहे.”

“म्हणजे मी वॉचमनची प्रमुख?”

साहेब हसले नाहीत. टेबलाच्या काचेखाली तो ठिपक्यांचा कागद होता आणि सतरा नंबरभोवती लाल पेनने गोल केला होता. बटणताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौऱ्याण्णव माणसांना विचारलं, संकटात कुणाकडे जाता? बिचाऱ्यांनी खरं सांगितलं. मायेने नाव घेतलं आणि त्या मायेचाच पत्ता धरून हे लोक घरात शिरले. चोरी पकडायची म्हणून साठ जणींना कोंडतात, आणि ही चोरी कुणी पकडायची?

“दारासाठी करताय हे,” ती म्हणाली.

“कसलं दार? तुमची गुणवत्ता बघून करतोय. नको असेल तर राजीनामा द्या.”

निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती, आणि हे साहेबांना तिच्याइतकंच ठाऊक होतं. ती बाहेर आली तर फाटकाशी ती मुलगी उभी होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

“मावशी, खरंच, मी कुणाचंच नाव लिहिलं नव्हतं.”

“अगं, खिडकीतल्या बाईचं तोंड झाकलंस, पण खिडकी तशीच ठेवलीस की! दोन मजल्यांच्या मध्ये आणखी कोण बसतं इथे?”

मुलगी रडायला लागली. एरवी बटणताईने तिला पाणी दिलं असतं. आज नाही दिलं.

ती खिडकीशी येऊन बसली आणि राग मुलीवरून, साहेबांवरून फिरून फिरून तिच्याच दाराशी आला. मास्तर आणि कर्फ्यू यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मास्तर म्हणजे कटिंगचे प्रमुख. कर्फ्यू म्हणजे शिलाईची सुपरवायझर, ती आली की सगळा मजला चिडीचूप होई म्हणून हे नाव. मास्तर म्हणत, “त्या बाईला मोजता येत नाही.” बटणताई वर जाऊन सांगे, “मास्तर म्हणतात, एकदा मोजून घ्या.” बारा वर्षं हे चाललं होतं. दोघांना समोरासमोर बसवावं असं तिला कधी सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण मग तिच्या खिडकीशी कोण आलं असतं?

साडेचारला बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिने कामाच्या वेळात खिडकी लावली आणि दोघांना आत बोलावलं.

“तुमची भांडणं मी बारा वर्षं धुऊन, वाळवून, घडी घालून एकमेकांकडे पोचवली. उद्यापासून मी नाही. आपापली धुवा.”

“आधी त्यांनी चाळीस बाह्या कमी पाठवल्याचं कबूल करावं,” कर्फ्यू म्हणाली.

“कसल्या बाह्या? बारा वर्षांपूर्वीच्या? तुम्हाला मोजताच...”

“बोला ना! मोजताच काय?”

मग जे जुंपलं! बटणताईच्या जिभेवर सारवासारवीचं वाक्य चार वेळा आलं आणि चारही वेळा तिने ते गिळलं. जीभ चावून ती बटणांच्या डब्यांकडे बघत बसली. शेवटी दोघं दमले. मग मास्तरांनीच विचारलं,

“धूर झाला तेव्हा दाराशी किती जणी होत्या?”

“साठ. आणि कुलूप ओढणारी मी, एकसष्टावी.”

“आम्हाला खाली आरडाओरडा ऐकू आला होता.” मास्तर खाली बघत म्हणाले. “आम्हाला वाटलं, तुमचं नेहमीचं भांडण चाललंय.”

कर्फ्यूने फळीवरचा बटणताईचा अर्ज ओढून घेतला आणि ती वाचायला लागली. दुसरं पान तिने मास्तरांकडे सरकवलं. पाच वाजता बटणताईने स्टोअरच्या किल्ल्या शिपायाकडे दिल्या आणि ती निघाली. निघतानाही दोघं एका शब्दावरून वाद घालत होते. तिला कुणी हाक मारली नाही.

गोदामात खोकी होती आणि वॉचमन होता. तो मुका नव्हता, पण बोलत नव्हता. पहिल्या आठवड्यात वरच्या बायांचे रोज फोन आले, दुसऱ्यात दोन, मग बंद झाले. रोज सुईच्या निमित्ताने होणारं बोलणं फोनवर कसं होणार? त्यांचं चुकलं असं तिला वाटलं नाही. राग साहेबांवर होता, तो मात्र तसूभरही कमी झाला नाही.

दीड महिन्याने माल न्यायला आलेला ड्रायव्हर बोलता बोलता म्हणाला, “ताई, मागचं दार आता उघडं असतं बरं का. कुलूपच काढून टाकलं. मास्तर आणि कर्फ्यूबाई पुढे आणि मागे दोन्ही मजले, अशी वरात गेली साहेबांकडे! दहा दिवस झाले की. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

बटणताईचा हात खोक्यावर थांबला. साठ जणी, नव्हे एकसष्ट, आता त्या दारातून बाहेर पडू शकतील. तिला फार बरं वाटलं.

“सांगितलं की! त्याच दिवशी सांगितलं,” ती म्हणाली, आणि खोकी पुन्हा एकपासून मोजायला लागली.