कायमची डिस्क

डेटाबेसला डिस्क लावायची राहिली आहे, हे हेमेंद्र बिसेनने चंचलभैयाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

चंचलभैया एका खासगी संस्थेचा व्यवस्थापक. संस्थेचं ऑफिस गोंदियात, एका तांदळाच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. जिल्ह्यातल्या अडतीस गावांत सिकलसेलची तपासणी करायचं काम संस्थेनं घेतलं होतं. रक्तातला हा आजार आईबापाकडून लेकरांत उतरतो. नवरा-बायको दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः धडधाकट पण रक्तात दोष बाळगणारे, तर मूल आजारी निघू शकतं. म्हणून लग्न जुळवायच्या आधीच पोरापोरींचं रक्त तपासायचं. गावसेविकेनं घरोघर जाऊन बोट टोचायचं, नमुना गोंदियाला पाठवायचा, प्रयोगशाळेतल्या माणसानं निकाल थेट टॅबलेटवर भरायचा. कागद कुठंच नाही. 'पेपरलेस' हा शब्द चंचलभैया प्रत्येक बैठकीत वापरायचा.

वडिलांना लकवा मारला म्हणून हेमेंद्र हैदराबादची नोकरी सोडून दवनीवाड्याला परत आला होता. कॉम्प्युटरचं असं काम गोंदियात दुसरीकडे नव्हतंच. ते मिळालं तेव्हा त्याच्या आईनं गल्लीत पेढे वाटले.

सॉफ्टवेअर त्यानं कंटेनरांत, म्हणजे मशीनमधल्या वेगवेगळ्या आभासी डब्यांत, बसवलं. हे कंटेनर कुबरनेटिस नावाची एक व्यवस्था सांभाळायची. एखादा कंटेनर बिघडला की ती त्याला मारून टाकायची आणि क्षणात नवा, कोरा कंटेनर उभा करायची. नुसतं पान दाखवणाऱ्या कंटेनरचं त्यात काही जात नाही. पण ज्याच्यात नोंदी साठतात, त्याला बाहेरून वेगळी, कायमची डिस्क जोडावी लागते. नाहीतर कंटेनर गेला की नोंदीही गेल्या.

"भैया, मंजुरी द्या. अर्ध्या तासाचं काम आहे," हेमेंद्र म्हणाला होता.

"अभी तो डेमो है ना रे. डेमो होऊ दे, मग लावू."

डेमो झाला. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या आठवड्यात गावांत काम सुरू झालं. दोन महिन्यांनी हेमेंद्रने पुन्हा विचारलं, तेव्हा चंचलभैया फोनवर होता. त्यानं हातानंच 'नंतर' केलं. त्यानंतर हेमेंद्रने विचारलं नाही. सगळं चालत होतं. रोज नव्या नोंदी येत होत्या, आणि चालत्या कामात विघ्न आणणारा माणूस म्हणून आपलं नाव व्हावं असं त्याला वाटत नव्हतं.

सातव्या महिन्यात एका मंगळवारी, सकाळी साडेअकराला, एका मशीनची मेमरी भरली. कुबरनेटिसनं आपल्या नियमानुसार डेटाबेसचा कंटेनर मारला आणि शेजारच्या मशीनवर नवा उभा केला. हेमेंद्र चहा पिऊन आला. स्क्रीनवर सगळे दिवे हिरवे होते. फक्त वरच्या कोपऱ्यात, जिथं काल नोंदींचा आकडा अकरा हजार चारशे होता, तिथं शून्य होतं.

त्यानं पान पुन्हा उघडलं. पुन्हा शून्य. टॅबलेटमध्ये काही उरलं असेल म्हणून त्यानं तपासलं, पण नोंद वर पोहोचली की टॅबलेटमधून ती आपोआप पुसली जायची. तेही त्यानंच लिहिलेलं होतं. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेनं केव्हाच फेकून दिले होते.

चंचलभैया ओरडला नाही. त्यानं दार लावून घेतलं आणि विचारलं, "किसको पता है?"

"मला. आता तुम्हाला."

"बारा दिवसांनी पैसे देणारे लोक पाहणीला येऊन राहिले. त्यांना शून्य दाखवू का?" तो खुर्ची ओढून हेमेंद्रच्या जवळ बसला. "घरांच्या याद्या आहेत ना आपल्याकडे? नावं, वय, मोबाईल नंबर? आणि शंभरात वाहक किती निघत होते ते तर तुला माहीतच आहे. भर दे."

"काय भर दे?"

"निकाल. टक्केवारी बरोबर बसली की झालं. नंतर हळूहळू सगळ्यांची पुन्हा तपासणी करून घेऊ. पक्का."

हेमेंद्र नाही म्हणाला. मग चंचलभैयानं शांतपणे विचारलं, "डिस्क कोनं नाही लावली? तू लिहून दिलं होतं का मला? दाखव."

लिहून दिलेलं नव्हतं. बोलणं सगळं तोंडीच झालं होतं.

त्या आठवड्यात हेमेंद्रने दोन कामं केली. आधी डिस्क जोडली. या वेळी नीट. नोंदी तीन ठिकाणी राहतील, रोज त्यांची प्रत निघेल, आणि त्याची नि चंचलभैयाची, दोघांची परवानगी असल्याशिवाय कुणालाही काही पुसता येणार नाही, अशी सोय केली. मग एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो यादीतलं एकेक नाव उचलायचा आणि मटक्याचा आकडा टाकल्यासारखा त्याच्यापुढं निकाल लिहायचा: नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल, वाहक, नॉर्मल. अकरा हजार चारशे माणसांना चार मिनिटं लागली. खात्री करायला त्यानं कंटेनर स्वतःच्या हातानं मारून पाहिला. नवा उभा राहिला. एकही नोंद हलली नाही.

पाहणीला आलेले लोक खूश झाले. त्यांतल्या एका बाईंनी विचारलं, हे निकाल लोकांपर्यंत पोहोचले का? चंचलभैया म्हणाला, याच आठवड्यात मेसेज जाणार आहेत.

"भैया, मेसेज नको," ते गेल्यावर हेमेंद्र म्हणाला. "लोक यावर लग्नं जुळवतील."

"अरे, ज्यादातर नॉर्मलच असतात. कायले घाबरतो?"

मेसेज हेमेंद्रनेच पाठवले.

तीन आठवड्यांनी त्याची मावशी ऑफिसात आली. सुशिलाबाई सडक अर्जुनीजवळच्या एका टोल्यावर, लहानशा वस्तीवर, राहायची आणि संस्थेची गावसेविका होती. हे काम तिला हेमेंद्रनेच मिळवून दिलं होतं. सात महिने ती सहा गावं पायी फिरली होती. रडणाऱ्या लेकरांना मांडीवर घेऊन तिनं बोटं टोचली होती. त्या दिवशी बसनं आली ती नवं लुगडं नेसून, खुशीत.

"लोकायले मेसेज येऊन राहिले बाप्पा! आधी मले पाहून दार लावत, आता चहा पाजून राहिले. बकाराम उईकेच्या मंजूचं जुळलं ना. पोरगा देवरीकडचा, लखन नाव. दोघायलेबी नॉर्मल आलं. जमातीतले बुढे म्हनतात, शिक्क्याचा कागद पायजे. दोघायचा कागद काढून दे."

हेमेंद्रने मान खाली घातली. प्रिंटर शेजारीच होता. एक बटण दाबलं असतं तर ती दहा मिनिटांत परत गेली असती.

"मावशी, तो निकाल खरा नाही."

"म्हंजे?"

"खरे निकाल गेले. पुसले गेले. हे मी लिहिले आहेत. मशीनकडून, अंदाजानं."

तिला आधी कळलंच नाही. मंजूचाच चुकला असं वाटून ती म्हणाली, "मंग तिचा दुरुस्त कर."

"सगळ्यांचेच, मावशी. अडतीसही गावांचे."

सुशिलाबाई खुर्चीत बसली. तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी पोरायच्या बोटाले सुई टोचत होती, ते काऊन मंग?" तिचा आवाज वाढला नाही. "मले कायले नाई सांगितलं? मेसेज पाठवाच्या आधी फोन कराले काय झालं होतं तुले?"

हेमेंद्रने प्रिंटरचं बटण बंद केलं.

"चाल," ती उठली. "मी नाई सांगनार. तू सांगजो बकारामले. तुया तोंडानं."

दोघं त्याच दिवशी टोल्यावर गेले. बकाराम अंगणात मोहाच्या झाडाखाली खाट टाकून बसला होता. हेमेंद्रने उभ्यानंच सगळं सांगितलं. बकारामनं मध्येच एकदा विचारलं, "म्हंजे माई पोरगी बिमार आहे?" हेमेंद्र म्हणाला, माहीत नाही, पुन्हा तपासावं लागेल. दारात उभी असलेली मंजू ऐकत होती. ती बारावी झाली होती.

"खरं तपासलं होतं तवा काय आलं होतं माया नावापुढं?" तिनं विचारलं.

"मला नाही माहीत. मी पाहिलं नव्हतं कधी. नुसता आकडा पाहायचो."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः तिला आणि बकारामला घेऊन गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात गेला. आठवड्यानं निकाल आला. मंजू वाहक होती. तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं: ती आजारी नाही, तिला काही होणार नाही, फक्त पोराचं रक्त तपासून घ्या. तो वाहक नसेल तर लग्नाला काहीच हरकत नाही.

सुशिलाबाई आणि हेमेंद्र देवरीकडे गेले. लखन ट्रॅक्टर धूत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि मोबाईल काढून दाखवला. 'लखन कुंभरे. निकाल: नॉर्मल.' खाली संस्थेचं नाव.

"मले तं नॉर्मल आहे," तो म्हणाला. "मी कायले रगत देऊ पुन्हा?"

"तो निकाल खोटा आहे भाऊ. मीच टाकला आहे."

"तवा खरा म्हनून तुमीच पाठवला. आता खोटा म्हनून तुमीच सांगून राहिले. मी कोनाचं आयकू?"

त्याची आई घरातून बाहेर आली. "पोरीत खोट निघाली तं सरळ सांगा. माया पोराले कायले ओढता?"

लग्न मोडलं. टोल्यावर आठ दिवसांत पसरलं की बकारामच्या पोरीला रक्ताची बिमारी आहे. बकाराम सुशिलाबाईशी बोलेनासा झाला. तिनं गप्प राहायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं. पुन्हा तपासणी करू या म्हणून ती सहाही गावांत गेली, तर लोक दारातूनच म्हणत, एकदा दिलं ना रगत, निकालबी आला, आता काय विकून राहिली का आमचं रगत? एका घरानं तिच्यामागं कुत्रं सोडलं. तिनं तपासणीच्या सामानाची पिशवी संस्थेत परत केली आणि काम सोडलं.

हेमेंद्रने पैसे देणाऱ्यांना पत्र लिहिलं, सगळं, तारखांसकट. पत्र त्यांनी खुलाशासाठी चंचलभैयाकडे पाठवलं. त्याच संध्याकाळी हेमेंद्रचे पासवर्ड बंद झाले. संस्थेनं कळवलं की एका नाराज कर्मचाऱ्यानं बदनामी केली आहे. सर्व नोंदी सुरक्षित असून कोणीही येऊन तपासू शकतं. दोन माणसं आली. नोंदी जागच्या जागी होत्या, टक्केवारी बरोबर होती, एकही रकाना रिकामा नव्हता. साठवणुकीची व्यवस्था उत्तम असल्याचा शेरा त्यांनी अहवालात लिहिला. तो प्रोग्राम हेमेंद्रने मेसेज पाठवल्यावर भीतीपोटी स्वतःच पुसून टाकला होता. मंजूचा सरकारी निकाल त्या माणसांनी एखादी चूक म्हणून सोडून दिला; दुसरं दाखवायला त्याच्याकडे काही नव्हतं.

आता तो दवनीवाड्याला मोबाईल दुरुस्त करतो. मावशीला त्यानं दोनदा फोन केला. एकदा तिनं उचलला, वडिलांची तब्येत विचारली आणि ठेवून दिला.

मंजू साकोलीला नर्सिंगला गेली, असं त्याला कुणीतरी सांगितलं. लखनचं लग्न वैशाखात झालं. मुलगी आमगावकडची. तिच्या गावातही संस्थेची तपासणी झाली होती, आणि तिच्याही मोबाईलवर 'नॉर्मल'चा मेसेज होता.