आठपैकी दोन

“साम्राज्यवाद वगैरे राहू द्या सर. आधी मला सांगा, भांडण कशावरून झालं?”

हे मला आमच्या शाळेची शिपाईबाई विचारत होती. शाळा सुटलेली, नववीचा वर्ग रिकामा आणि पहिल्या बाकावर वय वर्षं चव्वेचाळीस. सगळी शाळा तिला मावशी म्हणायची. प्रयोगशाळेत सहायकाची जागा रिकामी झाली होती. त्यासाठी दहावी पास लागत होतं आणि वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. बाकीचे विषय तिने बाहेरून बसून काढले होते, राहिला होता फक्त इतिहास. म्हणून मुख्याध्यापकांनी तिला माझ्या गळ्यात बांधली. फुकटात काम करून घ्यायचं असलं की त्या गृहस्थाला बरोबर मी आठवतो.

“मावशी, भांडण कशावरून झालं ते कुणी विचारत नाही,” मी म्हटलं. “पहिल्या महायुद्धाची कारणं लिहा, गुण आठ, हा प्रश्न दर वर्षी येतो. शब्द चार. साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, आक्रमक राष्ट्रवाद. शेवटी तात्कालिक कारण, ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. शब्दांखाली रेघा ओढा. तपासणारा रेघा बघतो.”

“वाचत नाही?”

“दिवसाला साठ पेपर असतात.”

अठ्ठावीस वर्षं मी हे युद्ध शिकवतोय. दर वर्षी माझ्या वर्गात लाखो माणसं मरतात आणि एकाचीही जांभई थांबत नाही. मुलांना कशाला नावं ठेवू, मलाच माझ्या आवाजाने झोप येते. ही बाई मात्र झोपायचं नाव घेईना. गुप्त करार म्हणजे काय, ते मी पुस्तकातल्या वाक्यात सांगितलं, तर म्हणते, “म्हणजे आमच्या दिरासारखं. भिंतीवरून थोरल्या दिराने शेजाऱ्याच्या थोबाडीत दिली. शेजाऱ्याने मेव्हणे बोलावले. आमच्या जावेने माहेर उठवलं. संध्याकाळी दोन गल्ल्या एकमेकींच्या उरावर, आणि भिंत कुणाची हे विचारायला कुणाला सवडच नाही.”

“असलं काही पेपरात लिहून ठेवू नका,” मी म्हटलं.

मग युद्ध कसं चाललं ते सांगितलं. शिपायांना म्हणे, पानं गळायच्या आत घरी याल, असं सांगून गाडीत बसवलं होतं. चार वर्षं चाललं. खंदक खणून समोरासमोर बसले, विषारी वायू सोडला, मैलभर चिखलासाठी हजारांनी मेले. पाणबुड्यांनी जहाजं बुडवली, मग अमेरिका उतरली आणि जर्मनीने हात टेकले. तहात जर्मनीला इतकं नाक घासायला लावलं की वीस वर्षांनी दुसरं महायुद्ध. तो आठ गुणांचा वेगळा प्रश्न.

“इंग्लंडचा, जर्मनीचा, रशियाचा राजा, तिघेही नात्याने भाऊ,” मी मुलांना सांगतो तसं गंमत म्हणून सांगितलं. मुलं हसतात. ही हसली नाही.

“मग खंदकात त्यांच्या घरचं कोण होतं?”

“अभ्यासक्रमात नाही ते.” खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत पुस्तकाबाहेर डोकवावं असं मला कधी वाटलंच नव्हतं.

परीक्षा झाली. पेपर तपासायला आम्हा मास्तरांना एका सभागृहात कोंडलं. तिथली आमची विद्वत्ता बघण्यासारखी असते. एक जण उत्तरांची लांबी वितीने मोजून गुण देतो. दुसरा अक्षर बघतो. मी रेघा बघतो आणि त्या दोघांना मनातल्या मनात गाढव म्हणतो. चार वाजता पहिली गाडी निघते, तोवर गठ्ठा संपला पाहिजे, एवढी एकच गोष्ट तिथे सगळ्यांना मनापासून कळलेली असते.

निकाल लागला. मावशीला इतिहासात एकतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. मुख्याध्यापक म्हणाले, “नशीब एकेकाचं,” आणि ती जागा आपल्या भाच्याला कशी देता येईल याच्या मागे लागले. मी तिला म्हटलं, “सांगितलं होतं ना, शब्द लिहा म्हणून?” ती झाडू घेऊन निघून गेली.

बाराव्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर ती शिक्षकांच्या खोलीत आली. मी एकटाच होतो. तिने माझ्यापुढे उत्तरपत्रिकेची झेरॉक्स ठेवली, आणि फेरतपासणीचा अर्ज. अर्जात एक रकाना असतो. कुठल्या उत्तराला जास्त गुण हवेत आणि का, हे विषयाच्या शिक्षकाने लिहून सही करायची.

“उद्या शेवटची तारीख आहे, सर.”

मी पानं उलटली. महायुद्धाची कारणं. समासात गोल करून दोन. झेरॉक्समध्ये तांबडी शाई काळी दिसते, पण माणसाला आपलं अक्षर कळतंच. तिचं परीक्षाकेंद्र दूरच्या गावी होतं. तिथला गठ्ठा नेमका माझ्यासमोर आला होता, आणि रेघा नाहीत म्हणून मी दोन देऊन पुढे गेलो होतो.

आता वाचलं. तिने लिहिलं होतं, ‘मोठ्या देशांना दुसऱ्यांच्या जमिनी हव्या होत्या. प्रत्येकाने शस्त्रं जमवली आणि जमवलेली वापरावीशी वाटली. आपलाच देश मोठा असं शाळेत शिकवलं. प्रत्येकाने लपून कुणाला तरी शब्द दिला होता, म्हणून एका खुनावरून सगळे उठले. ज्यांनी शब्द दिला ते मेले नाहीत.’ सगळी कारणं होती, क्रमानेसुद्धा. मला लाज वाटली. पण तपासणीत चूक निघाली की तपासणाऱ्याला नोटीस जाते आणि पुढची नेमणूक बंद होते, हे लगेच आठवलं, आणि लाज आटोक्यात आली.

मी लिहिलं, ‘नजरचुकीने काही मुद्दे तपासायचे राहिले असावेत. सहा गुण मिळावेत.’ सही ठोकली आणि अर्ज तिच्याकडे सरकवला.

तिने तो उभ्यानेच वाचला. “नजरचूक नाही सर. नजर चुकायला ती आधी पडावी लागते. वाचलंच नाही, असं लिहा.”

“कुणी वाचलं, कुणी नाही, तुम्हाला काय माहीत?”

“तुमच्या हातचा हा दोन मी एकोणीस वर्षं फळ्यावरून पुसतेय,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

तिला आवाज चढवता आला असता, मुख्याध्यापकांकडे जाता आलं असतं. ती फक्त वाट बघत होती. मग माझ्यातला अठ्ठावीस वर्षांचा मास्तर धावून आला. “पण आता रकाना भरला ना, मावशी. खाडाखोड चालत नाही. नवा अर्ज आणायचा म्हणजे विभागीय कार्यालय. जाऊन येईपर्यंत तारीख गेली.”

तिने प्लास्टिकच्या पिशवीतून दुसरा कोरा अर्ज काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

“दोन आणले होते,” ती म्हणाली.

मी पेनाचं टोपण काढलं. माझं लिहून होईपर्यंत ती टेबलाशी उभी राहिली, आणि मी लिहीत होतो तो शब्द न् शब्द वाचत होती.