बायकांचं साल

लग्न होऊन मी ज्या घरात आले तिथे तीन पिढ्या वाइन करत होत्या, आणि मला वाइनचा वाससुद्धा माहीत नव्हता. माझे वडील पुस्तकबांधणी करायचे. आमच्या घराला वास होता तो खळीचा. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझे हात आपल्या हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "या हातांत पातळ काच फुटायची नाही. ग्लास तू धूत जा."

झालं. ती माझी नेमणूक.

ग्लास धुणं म्हणजे हलकं काम असं कुणाला वाटेल. साबण चालत नाही, त्याचा वास काचेला धरतो. कढत पाणी, मग निवलेलं पाणी, मग जुन्या मलमलीने पुसून पालथं घालायचं, तेही लाकडावर नाही, दोरीच्या जाळीवर. एवढं सगळं करायच्या आधी मी एक गोष्ट करायची, जी मी कुणाला सांगितली नव्हती. प्रत्येक उष्ट्या ग्लासात नाक घालायची. तळाशी थेंब उरला असेल तर जिभेवर घ्यायची. अकरा वर्षांत मी जे काही शिकले ते असं उष्ट्यावर शिकले. टेबलाशी बसून चव घेणाऱ्यांत माझी खुर्ची नव्हती, आणि मला ती हवीशीही वाटली नव्हती. मोरीपाशी निवांत असे.

सासूबाई मात्र टेबलाच्या टोकाला बसायच्या. घर त्यांच्या आईचं. सासरे घरजावई म्हणून आले आणि आले तसेच मवाळपणे गेले. वाइन चांगली की वाईट, जिवंत की मेलेली, हे सासूबाईंनी एकदा सांगितलं की संपलं. गावात त्यांना मागून 'कोर्ट' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

जिवंत की मेलेली, हा निकाल लागायचा तो बुचांच्या वेळी. बाटलीतली वाइन कितीही टिको, बूच पंचवीस-तीस वर्षांत कुजतं, वाइन झिरपायला लागते. मग बुचं बदलायची. पण आधी त्या सालातल्या एकदोन बाटल्या फोडून चव घ्यायची. वाइन जिवंत असेल तर बाकीच्यांना नवी बुचं, मेली असेल तर सगळ्या ओतून टाकायच्या. मेलेली वाइन नव्या बुचाखाली ठेवणं आमच्या घरात खोटेपणाचं समजत.

त्या वर्षी पाळी आली बायकांच्या सालाची.

ते साल असं. सासूबाई आठ वर्षांच्या असताना लढाई लागली आणि घरातले, शेजारचे सगळे पुरुष गेले. द्राक्षं मात्र पिकायची थांबली नाहीत. मग सासूबाईंच्या आईने, म्हणजे आजींनी, अकरा बायका गोळा केल्या. कुणी शिवणकाम करणारी, कुणी शाळेत शिकवणारी, एक सुईण. कुणालाच काही येत नव्हतं. त्यांनी द्राक्षं खुडली, पाय धुऊन तुडवली, पिंपं भरली, आणि सासूबाई छोट्या म्हणून त्यांना पिंपाच्या आत उतरवून घासायला लावलं. पुरुष परत आले तेव्हा त्यांनी एक घोट घेतला आणि हसले. "हा काय काढा केलाय?" म्हणाले. आजींनी त्यावर भांडण केलं नाही. बाटल्या भरल्या, कागद न चिकटवता तळघराच्या अगदी शेवटच्या कोनाड्यात नेऊन ठेवल्या. तीस वर्षांनी बुचं बदलली तीही एकटीनेच, कुणाला थेंबभर चव न देता. आता आजी नव्हत्या, त्या अकरांपैकी एकही नव्हती. बाटल्या उरल्या होत्या चोवीस, आणि सासूबाई सत्तरीच्या होत्या.

सकाळी अकराला, उपाशीपोटी, टेबल मांडलं. बसले चौघं: सासूबाई, माझे धाकटे दीर, पिंपं बनवणारे म्हातारे काका आणि गावचे डॉक्टर. आमचे हे बाहेरगावी गेलेले. दिरांना सगळे 'वादळ' म्हणायचे, कारण ते कधी कुठून चालत आले नाहीत, सुटल्यासारखे आले.

बूच ओलसर होतं, चिमट्याच्या दोन पात्यांमध्ये भुसा होत होत निघालं. दिरांनी बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरली आणि तळचा साका दिसेपर्यंत वाइन सुरईत ओतली. हे काम मात्र ते श्वास रोखून करत. दुसरी बाटलीही तशीच. मग ग्लास भरले. तेवढ्यात डॉक्टरांना बोलावणं आलं, कुणी तरी शिडीवरून पडलं होतं. डॉक्टर ग्लास घेऊनच उठले, कुठे तरी ठेवला, आणि गेले.

सासूबाईंनी नाक लावलं. ग्लास फिरवला, पुन्हा नाक लावलं. एक घोट तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकला.

"ओल्या पुठ्ठ्यासारखी," काका हळूच म्हणाले. "बंद पेटी उघडावी तशी."

"दुसऱ्या बाटलीचंही तेच," दीर म्हणाले.

सासूबाईंनी मांडीवरचा रुमाल उचलून त्याची घडी घातली. "गेलीय," त्या म्हणाल्या. "ओतून टाका."

"आई, सगळ्या?"

"तुला सांगितलेलं एकदा कळत नाही का रे?"

त्या उठून वर गेल्या. त्यांच्या आईच्या हातची शेवटची गोष्ट त्यांनी दोन मिनिटांत निकालात काढली होती, आणि चेहऱ्यावर काही नव्हतं. काका टोपी घालून निमूट निघून गेले. दीर तळघरात उतरले. मी ग्लास उचलून मोरीपाशी नेले आणि सवयीने नाक घातलं. खरंच पुठ्ठा. त्यामागे विझलेल्या काडीचा वास. मी ग्लास धुतले, सुरई धुतली, जाळीवर पालथे घातले आणि मोजले. तीन.

चौथा शोधायला मला बराच वेळ लागला. कपाटावर पाहिला, जिन्यात पाहिला. सापडला खिडकीच्या झडपेमागे, उन्हाच्या पट्ट्यात. ओतल्याला पाऊण तास तरी झाला होता. डॉक्टरांनी ओठही लावला नव्हता. अकरा वर्षांत माझ्या हाती आलेला तो पहिला न उष्टावलेला ग्लास.

मी नाक घातलं आणि तिथेच खिडकीला टेकले.

पुठ्ठा गेला होता. काडी गेली होती. पहिल्यांदा आला तो सुकलेल्या संत्र्याच्या सालीचा वास, मग चहाच्या कोरड्या पत्तीचा, मग अक्रोडाच्या फळीचा. एवढं मी ओळखीचं म्हणून सांगू शकते. पण त्याच्या पाठीमागे आणखी काही तरी उठत होतं, ज्याला मला नाव देता येईना. बासष्ट वर्षांपूर्वीचं ऊन कुणी तरी झाकून ठेवलं होतं आणि ते आता हळूहळू झाकण सरकवत होतं, असं काही तरी. मी घोट घेतला. रंग विटेसारखा फिकट, वाटलं पाण्यासारखी लागेल. ती तोंडात पसरली आणि संपेचना. गिळल्यावरही संपेना. मी जन्मले नव्हते तेव्हाची ती द्राक्षं, ते पाय, ती सुईण, ती शाळेतली बाई, सगळ्या मातीत गेलेल्या, आणि त्यांनी केलेलं हे माझ्या जिभेवर जिवंत. माझ्या हातांवर काटा आला. कुणाच्या तरी खासगी खोलीत न विचारता शिरल्यासारखी मी ओशाळले.

आणि मग खालून आवाज आला. बाटली रिकामी होताना करते तसा, घळघळ, घळघळ.

मी जिन्याच्या तोंडाशी धावले. "भावजी! थांबा! ओतू नका!"

"काय झालं वहिनी? उंदीर?"

"वाइन जिवंत आहे!"

खाली घळघळ थांबली. मग हसणं. "तुम्ही कधीपासून चाखायला लागलात? आई म्हणाली गेली, म्हणजे गेली. माझं डोकं कोण फोडून घेणार?"

"एकदा वर येऊन वास तरी घ्या."

"मला वासातलं काय कळतं? कोर्टाकडून हुकूम आणा, मी थांबतो." आणि पुन्हा घळघळ.

ग्लास हातात, त्यामुळे पळताही येईना. वरच्या जिन्याच्या सतरा पायऱ्या मी एखादं तान्हं मूल नेत असल्यासारख्या चढले. वर जाऊन काय बोलायचं ते सुचत नव्हतं. सासूबाईंना "तुम्ही चुकलात" असं त्या घरात कुणी कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यातून मी, ग्लास धुणारी.

त्या पलंगावर बसून चादरींच्या घड्या घालत होत्या. कोपऱ्याला कोपरा, इतक्या घट्ट की चादर दुखावेल.

"काय आहे?"

"आई, हा ग्लास मला धुववत नाही."

"म्हणजे?"

"डॉक्टरांचा आहे. तसाच राहिला होता. मला धुववत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावणार असं वाटलं. पण माझ्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक, त्यांनी हात पुढे केला. ग्लास नाकाशी नेला आणि तिथेच थांबल्या. डोळे मिटले. किती वेळ गेला मला सांगता यायचं नाही. खालून एक बाटली रिकामी झालेली मला ऐकू आली, मग दुसरी सुरू झाली. मग त्यांनी घोट घेतला, आणि या वेळी थुंकायला बादली शोधली नाही.

"ओतून किती वेळ झाला?"

"पाऊण तास. जास्तच."

"उन्हात होता?"

"खिडकीत."

त्यांनी ग्लास गुडघ्यावर ठेवला. "बासष्ट वर्षं कोंडलेली," त्या म्हणाल्या, "आणि मी तिला श्वास घ्यायला दोन मिनिटं दिली." मग वेगळ्याच आवाजात, "काढा म्हणाले होते गं सगळे. मी पिंपातून डोकं वर काढून ऐकलं होतं. मला आज ग्लास उचलायच्या आधीच वाटत होतं, हे म्हणणं खरं निघणार. म्हणून पहिल्या वासालाच मी मान हलवली."

"आई, भावजी ओततायत."

त्या अशा उठल्या की चादरी जमिनीवर गेल्या. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत त्या तळघरात उतरल्या नव्हत्या. एक हात भिंतीवर, एक माझ्या खांद्यावर. जिन्यातूनच त्यांनी हाक मारली, आणि ती हाक ऐकून मला कळलं की गावाने त्यांना कोर्ट का म्हटलं असेल.

"हात थांबव!"

आम्ही खाली पोचलो तेव्हा दीर बाटली उभी धरून पुतळ्यासारखे उभे होते. तळघरातल्या मोरीशेजारी नऊ बाटल्या आडव्या पडल्या होत्या, रिकाम्या. कोनाड्यात तेरा उरल्या होत्या, त्यांच्या हातातली अर्धी धरून. मोरीचं तोंड साक्याने तुंबलं होतं आणि वाइन दगडांवर पसरून थांबली होती, अंगणात पाणी साचावं तशी.

"आई, तूच म्हणालीस—"

"मीच म्हणाले. मी चुकले."

दिरांचं तोंड उघडं राहिलं. तोवर त्यांच्याही नाकाला तो वास लागला होता.

दगडांवर पसरलेली वाइन जागी होत होती. नऊ बाटल्यांचा वास एकदम उठला होता, जमिनीवरून, आमच्या पायांपासून. ग्लासात मी जे थोडंसं हुंगलं होतं, त्याच्यात आता आम्ही तिघं उभे होतो. संत्र्याची साल, चहा, अक्रोड, मग गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या, मग लोखंड, आणि मग ते ऊन. भिंती, कमानी, पिंपांच्या रांगा, सगळं त्याने भरलं. ज्यांना वासातलं काही कळत नव्हतं त्या माझ्या दिरांनी हातातली बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरली. मला वाटलं, या तळघरात आत्ता आमच्याखेरीज आणखी बारा जणी आहेत, आणि आपण जरा मागे सरकून त्यांना जागा द्यावी. खरंच मी मागे सरकले.

मी वाट पाहत होते की सासूबाई आता मुलाला फाडून खातील, किंवा रडतील, किंवा निदान रिकाम्या बाटल्यांकडे बघतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. चपला काढल्या. त्या ओल्या दगडांच्या कडेला अनवाणी जाऊन उभ्या राहिल्या आणि हळूहळू, खोल, श्वास घेत राहिल्या.

"वहिनी," दीर कुजबुजले, "आता काय करायचं?"

उत्तर सासूबाईंनी दिलं, मागे न वळता.

"वरचं दार लावून घे," त्या मला म्हणाल्या. "वास बाहेर जाऊ देऊ नकोस."

मी वर जाऊन दार लावलं, आणि धावत परत खाली आले.