पत्रात नसलेलं वाक्य

"शहाणी ना माझी तू? मग बोलायचं नाही हं कुठं."

लाल दिवा लागण्याआधी हेडफोनमध्ये क्षणभर जी शांतता असते, तिच्यात बाईंना हा आवाज ऐकू यायचा. आईचा. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मागच्या दारच्या नळाशी ऐकलेला. त्याच्या पाठीमागे बादलीत पडणारी धार, आणि आई धुणं धुताना गुणगुणायची ती ओवी:

पाण्याला नको सांगू, पाणी जाईल गावभर
दगडाला सांग बाई, दगड ठेवील उरावर

मग दिवा लागायचा, आईचा आवाज विरायचा आणि बाईंचा स्वतःचा आवाज गावभर निघायचा.

बाईंनी रेडिओवर बावीस वर्षं बातम्या वाचल्या. पूर आले, सरकारं पडली, विमान कोसळलं. बाईंचा आवाज कधी कापला नाही. लोक म्हणत, यांच्या तोंडून ऐकलं की वाईट बातमीसुद्धा नीट घडी घालून दिल्यासारखी वाटते. पुढे त्यांनी साहेबांकडे हट्ट धरून आठवड्याची पंधरा मिनिटं मागून घेतली, बायकांच्या दुखण्यांसाठी. दर गुरुवारी ध्वनिमुद्रण: बाई श्रोत्यांचं पत्र वाचायच्या, डॉक्टरीणबाई उत्तर द्यायच्या. जेवायच्या वेळेला हे नको म्हणून साहेबांनी दुपारी तीनची वेळ दिली. साहेबांना वाटलं, या वेळेला कोण ऐकतंय? पण भांडी आवरून बाई जराशी टेकते ती तीनलाच. पहिल्या भागात बाईंनी पाळी हा शब्द सरळ उच्चारला, तेव्हा साहेबांनी बोलावून घेतलं आणि आपण घरी रेडिओ बंद केल्याचं सांगितलं. बंद करायला का होईना, साहेब उठले तरी, असं बाई म्हणाल्या, आणि ते वाक्य पुढे वर्षभर कँटीनमध्ये फिरत होतं.

स्टुडिओच्या बोळात आणि गावोगावच्या दवाखान्यांत त्या कार्यक्रमाचं पोस्टर लागलेलं असे. त्यावर बाईंचा फोटो, आणि खाली त्यांचंच वाक्य: 'माझ्या आईचं दुखणं कुणालाच कळलं नाही. तुमचं कळू द्या.'

त्या गुरुवारी बाई पोस्टरसमोरून मान खाली घालून गेल्या. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि अठरा दिवसांपासून पुन्हा डाग दिसत होता. पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी दवाखाना गाठा, हे त्यांनी स्वतः किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नव्हती. या अठरा दिवसांत दोन गुरुवार आले. दोन्ही गुरुवारी डॉक्टरीणबाई टेबलाच्या पलीकडे हातभर अंतरावर बसल्या होत्या. दोन्ही वेळा बाईंनी त्यांना मुलाच्या परीक्षेबद्दल विचारलं आणि घरी आल्या. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. घाबरल्या म्हणावं तर तसंही नाही. डोक्यात नुसतं धुकं होतं, आणि त्या धुक्यात त्या आपले कपडे वेगळे भिजवून, सून उठायच्या आत वाळत घालत होत्या.

त्या दिवशीचं पत्र एका एक्केचाळीस वर्षांच्या बाईचं होतं. काचेपलीकडे कानसेन बसला होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या या माणसाला सगळी इमारत कानसेनच म्हणे. पानाची सळसळ ऐकून तो वाचणाऱ्याचा मूड सांगत असे. प्रत्येक पत्राची प्रत तो आधी मागून घ्यायचा, बाई कुठं श्वास घेतील तिथं पेन्सिलीनं उभी रेघ मारायचा आणि शब्दांवरून बोट फिरवत ऐकायचा. तीस वर्षांची सवय.

बाईंनी वाचलं. "दोन महिने झाले, अंगावरून जातंय, थांबत नाही. घरात कुणाला बोलले नाही. उगाच सगळ्यांच्या जिवाला घोर. थोरलीला तेवढं ठाऊक आहे. कपडे तीच धुते. ती बोलायची नाही."

कानसेनचं बोट थांबलं.

"बाई, जरा थांबा. हे शेवटचं कुठलं वाचलंत?"

पत्रातलंच, असं बाई म्हणाल्या. पत्र घोर या शब्दापाशी संपलं, असं तो म्हणाला. बाईंनी चष्मा पुसला. पान उलटून पाहिलं, मागं कोरं. पाकिटात दुसरा कागद असेल म्हणून पाकीट झटकलं. दुसऱ्या कुणाच्या पत्रातलं डोक्यात राहिलं असेल, असंही म्हणून पाहिलं. पण कुणाच्या, ते आठवेना. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनाही ते पत्रातलंच वाटलं होतं. त्या पोरीला आधी मोकळं करायला हवं, असं त्या उत्तरात म्हणणारही होत्या.

कानसेननं तेवढा तुकडा परत ऐकवला. 'थोरलीला तेवढं ठाऊक आहे.' आवाज बाईंचाच होता. पण बातम्यांचा नव्हता, कार्यक्रमाचाही नव्हता. कोवळा, घाईघाईचा, कुणी येईल की काय असा. बाई आपलाच आवाज अनोळखी पाहुण्यासारखा ऐकत राहिल्या.

"पुन्हा एकदा लाव."

"नको बाई," कानसेन म्हणाला. "एकदा पुरे."

त्यानं लाल दिवा मालवला, माईकची बटणं खाली केली आणि चहा सांगून येतो म्हणून उठला. स्टुडिओत माणसं असताना या माणसानं आजवर खुर्ची सोडली नव्हती. चहा तर तो घरून थर्मासमध्ये आणायचा.

दार लागलं. त्या खोलीच्या भिंतींना जाड कापड होतं, त्यामुळे दार लागल्याचाही आवाज झाला नाही. बाईंनी पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली.

मग टेबलाकडे बघत म्हणाल्या, "मला डाग दिसतोय. अठरा दिवस झाले."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. तुम्हीसुद्धा ताई, असं म्हणाल्या नाहीत. पर्समधून वही काढून लिहायला लागल्या. वय, पाळी कधी गेली, वजन उतरलंय का, दुखतं का. उद्या सकाळी नऊला यायचं, उपाशीपोटी नको, मी स्वतः तपासते. बाई शहाण्या मुलीसारख्या एकेक उत्तर देत गेल्या.

"घरात आधी कुणाला असं काही?"

"आईला."

"त्यांचं कधी लक्षात आलं?"

उत्तर तयार होतं. वीस वर्षं हजार वेळा दिलेलं, बाहेर बोळात त्यांच्याच फोटोखाली छापलेलं. ते ओठापर्यंत आलंही. बाईंनी सवयीनं दिव्याकडे पाहिलं. दिवा विझलेला होता.

"ती जायच्या सहा महिने आधी," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं. तिचे कपडे मीच धूत होते."